हळदीच्या दिवशीचं टायमिंग गिअर

"बाय, तुमच्या गाडीचा ठेका चुकतंय. पोरीला घेऊन तिच्यान बसू नको," असं कृष्णाबाईंनी मला दिवाळीच्या आधीच सांगितलं होतं, आणि मी हसले होते.

एरवी मी इशाऱ्यांवर हसणारी बाई नव्हे. माझी मुलगी रंगू सव्वा वर्षाची आहे. कागदोपत्री तिचं नाव शर्वरी, पण घरात तिच्या पणजीचं नाव चालतं. ती झाल्यापासून मी रात्री गॅसची कळ बंद आहे का ते बघते, आणि पाणी प्यायच्या निमित्ताने उठून परत बघते. पेणच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकले, त्याचा उपयोग एवढाच की घरातल्या बाटल्यांच्या मागे बारीक अक्षरात काय छापलंय ते मला घाबरण्यापुरतं नीट समजतं. शिंक, डास, नारळाच्या झाडाखालून जाणं, द्राक्षाची बी, मला सगळ्याची भीती वाटते. फक्त कृष्णाबाईंचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. कारण त्या धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत धवले गाणारी बाई लागते. ती गात जाते आणि तिच्या गाण्याबरोबर तेल, हळद, मांडव, एकेक विधी पुढे सरकतो. लग्नात गाणाऱ्या बाईला इंजिनातलं काय कळणार, असं मला वाटलं. आयुष्यभर जिनं ठेका धरला तिलाच चुकलेला ठेका आधी ऐकू येणार, हे डोक्यात आलं तेव्हा गाडी थळच्या फाट्यावर बंद पडलेली होती.

गाडी म्हणजे सासऱ्यांची जीप. हिरवी, उघडी, वर कापडी हूड, पेट्रोलवरची, आणि माझा नवरा पियूष याच्यापेक्षा वयाने मोठी. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, धर्माजींनी, ती चोंढी ते अलिबाग सीटा भरून वर्षानुवर्षं चालवली. आता ते धंदा करत नाहीत, पण जीप रिकामीही फिरत नाही. कुणाची मासळीची पाटी, कुणाचं लग्नाचं आमंत्रण, शाळेतल्या बाईंची शिलाई मशीन, आणि लग्नसराईत कृष्णाबाई. मला तिचं काहीच आवडत नव्हतं. बाबा पासष्टीच्या पुढचे, चष्मा खिशात ठेवून गाडी चालवणारे, आणि फोन? "गाडी चालवताना फोन घेऊ नको, असं सरकारच बोलतंय ना?" म्हणून फोन घरी, टीव्हीवर.

तर थळच्या फाट्यावर इंजिनाच्या पुढच्या भागातून कर्रर्र असा आवाज आला आणि गाडी थांबली. बाबा भर उन्हात चालत घरी आले. वाटेत तीन घरी चहा झाला. तोवर मी रंगूला सासूबाईंकडे देऊन स्कूटरवरून त्यांना शोधत थेट अलिबागपर्यंत जाऊन आले होते. त्या दिवशी मी पियूषला म्हटलं, आता पुरे. ही गाडी मला दारात नको.

पियूष एका कारखान्यात शिफ्टला असतो, त्याला घरी आल्यावर शांतता लागते. त्याने बापाशी सरळ बोली केली. "बाबा, अमिषाच्या हळदीला ही गाडी रेवदंड्याला आपली आपण चालत गेली, तर राहील. ओढून न्यावी लागली, नाय तर गेलीच नाय, तर हळदीनंतरच्या सोमवारी भंगारवाला. कबूल?"

अमिषा ही बाबांची भाची, रेवदंड्याची. मामा म्हणून त्यांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की धवलारणीला तुझ्या दारात मी माझ्या गाडीतून आणीन. बाबा म्हणाले, "कबूल." आणि अल्पेशला बोलावलं.

अल्पेशचं गॅरेज चोंढी नाक्यावर. तिशीचा गडी, हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं. त्याने रेडिएटर काढला, पंखा काढला, पुढचं झाकण उघडलं आणि आम्हा सगळ्यांना आत बघायला बोलावलं, जणू बारशाला आलोय. मीही बघितलं. इंजिनात एक दांडा पिस्टनच्या जोरावर फिरतो. बाजूला दुसरा दांडा असतो, कॅमशाफ्ट, तो झडपा उघडतो आणि मिटतो. दोघांच्या तोंडावर एकेक दातेरी चाक, लहान लोखंडाचं, मोठं फायबरचं, दातात दात अडकवून. हे मोठं म्हणजे टायमिंग गिअर. आमच्या मोठ्याचे दात खाल्लेल्या मक्याच्या कणसासारखे झाले होते.

"काका, म्हातारीची कवली बदलायची हाय," अल्पेश म्हणाला. "बाकी म्हातारी कडक."

"म्हातारी कुनाला बोलतंस?" सासूबाई पडवीतून म्हणाल्या. त्यांचं नाव सगुणा. त्यांचे स्वतःचेही पुढचे दोन दात नुकतेच गेले होते.

"काकी, तुमाला न्हाय वं! गाडीला!"

लहान चाक चांगलं होतं. त्यावर कारखान्यातली खूण म्हणून एक बारीक टोचा होता. तो चटकन दिसावा म्हणून अल्पेशने त्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला. मोठ्या चाकावरही तसाच टोचा असतो. बसवताना हा आणि तो समोरासमोर आले पाहिजेत, नाही तर पिस्टन वर येताना झडप उघडी राहील, आणि ठिणगी पडेल तेव्हा पेट्रोल भलतीकडेच असेल. एवढंच त्यातलं कौशल्य, असं तो म्हणाला.

नवीन गिअर मिळायला वेळ लागला. इतक्या जुन्या गाडीचा भाग कुठे पडून असणार? शेवटी कुर्ल्याच्या एका दुकानात सापडला, आणि पियूषच्या मित्राने मांडव्याच्या बोटीने आणून दिला. तोवर काही आठवडे जीप अंगणात तोंड उघडून उभी होती. आणि मी, जिला हेच हवं होतं, रोज बाबांकडे बघत होते.

आधी ते सकाळी उठून पहिली दाढी करायचे. आता चहा झाला, पेपर झाला, दहा वाजले तरी खुंट तसेच. दुपारी जेवून झोपायचे, उठून टीव्ही लावायचे, टीव्हीपुढे पुन्हा झोपायचे. कुणी रस्त्यावरून हाक मारली, "धर्माजी, अलिबागला जातंस का?" की हात हलवून नाही म्हणायचे आणि आत जायचे. एकदा मला विचारलं, "आज बाजाराचा दिवस का गो?" मी म्हटलं, बाबा, बाजार काल झाला. "असं?" म्हणाले, आणि परत डोळे मिटले. मी रंगूच्या श्वासावर कान ठेवणारी बाई. त्या आठवड्यांत एक कान बाबांच्या खोलीकडेही लागलेला असायचा.

गिअर आला तो हळदीच्या आदल्या संध्याकाळी, कुर्ल्याच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, अंगभर घट्ट ग्रीस फासलेला. सासूबाईंनी तो आधी देवापुढे नेला. आमच्या घरात नवीन वस्तू उंबऱ्यातून आली की देवाला दाखवल्याशिवाय कामाला लागत नाही. मिक्सर असो, जाळं असो, माझा लॅपटॉपही नारळ फोडूनच उघडला होता. त्यांनी दिवा लावला, फूल वाहिलं. ग्रीसवर कुंकू टिकेना, म्हणून कडेचा जरासा भाग पुसून, करंड्यातच खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्याने लावलं. मी तिथेच होते, कारण रंगू कुंकवाच्या करंड्यात हात घालायला बघत होती आणि कुंकवात हल्ली काय काय मिसळतात ते मला माहीत आहे. तिने घातलाच. हात, कान, एक पाऊल, सगळं लाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्पेश आला. कृष्णाबाईही लवकरच येऊन बसल्या, हिरवी नऊवारी, पानाची पिशवी, ज्याला त्याला हुकूम. "मना चार वाजता मांडवान पायजे. तुजा इंजन मना सांगू नको."

"आजी, तुमी पान खा, मी गिअर लावतंय."

"पान संपला तर?"

"तर दुसरा खा!"

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. खरं तर गाडीकडे नव्हे, अल्पेशच्या नट-बोल्टच्या थाळीकडे, कारण रंगू तिच्या दिशेने रांगत निघाली होती. त्याने कागद सोडून गिअर बाहेर काढला, उलटा-सुलटा केला आणि ओरडला, "वा! काका, दुकानवाला हुशार हाय. त्यानं पन लालच मार्क करून पाठवलाय!" मी ऐकलं. पण त्याच क्षणी रंगूने एक नट उचलून तोंडाकडे नेला आणि मी धावले. नट काढून घेतला, तिने घर डोक्यावर घेतलं, मग थाळी कुणाच्याही हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवायला लावली, आणि त्या गडबडीत दुकानवाल्याची हुशारी माझ्या डोक्यातून गेली.

झाकण बसलं. पंखा, रेडिएटर, पाणी. बाबांनी त्या दिवशी दाढी केली होती आणि पांढरी टोपी घातली होती. ते बसले, चावी फिरवली. खर्र, खर्र, खर्र, आणि कार्बोरेटरमधून मोठ्याने फाट्! कोंबड्या पळाल्या, रंगू आनंदाने टाळ्या वाजवायला लागली, कृष्णाबाईंनी तोंडातलं पान थुंकून टाकलं.

"पहिल्यांदा होतं तसं," अल्पेश म्हणाला.

दुसऱ्यांदाही झालं, दहाव्यांदाही. त्याने प्लग काढून पुसले, कार्बोरेटर उघडला, वायरी बदलून बघितल्या. बॅटरी बसायला आली तेव्हा पियूषने मोटरसायकलवर जाऊन दुसरी आणली.  बोलीची आठवण करून द्यायची त्याला गरजच नव्हती, दुपार उतरायला लागली होती. कृष्णाबाई म्हणाल्या, "अल्पेश, तुजा हात गुनाचा हाय का न्हाय? का माज्यासारखा तू पन म्हातारा झालंस?"

"आजी, तुमी गाऊन उठवा तिला!"

"मी नवरीला उठवतंय. मड्याला न्हाय."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते गाडीतून उतरले, पायरीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग पियूषला म्हणाले, अगदी साध्या आवाजात, "सोमवारी भंगारवाल्याला सकाळचा बोलव. दुपारी मी झोपलेला असतंय."

मी तेव्हा पडवीत रंगूचे पाय धूत होते. साबण लावला, घासलं, पण पावलावरचा लाल डाग काही जाईना. तेलातलं कुंकू. घासता घासता माझा हात थांबला. दुकानवाल्यानं लालच मार्क करून पाठवलाय.

मी मान वर करून बघितलं. कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. सासूबाई रिक्षावाल्याला फोन लावत होत्या, कृष्णाबाईंना न्यायला. अल्पेश नळीत फुंकर मारत होता. आणि मला एकटीला ठाऊक होतं की गाडी का सुरू होत नाही.

खोटं कशाला लिहू? मी लगेच बोलले नाही. गप्प बसले असते तर सोमवारी अंगण रिकामं झालं असतं. चष्मा खिशात ठेवून चालवणं गेलं, थळचं ऊन गेलं, रंगूला पुढे बसवून "जरा नाक्यापर्यंत" जाणंही गेलं. माझ्या अर्ध्या काळज्या एका टेम्पोत बसून गेल्या असत्या. कुणी मला दोषही दिला नसता, कारण मी तर फक्त मुलीचे पाय धूत होते.

पण दुपारी मी झोपलेला असतंय, हे वाक्य मला सहन होईना. मी त्यांना आठवडेच्या आठवडे झोपताना बघितलं होतं.

"अल्पेशभाऊ," मी म्हटलं, "त्या गिअरवरचा लाल ठिपका. हाताला लागत होता का?"

"म्हंजे?"

"म्हणजे पेंट वाळलेला असतो. हा ओला होता का, तेलकट?"

त्याने नळी खाली ठेवली. "वहिनी, ग्रीसच्या गिअरवर सगलंच तेलकट असतं. का?"

"काल आईंनी त्याला कुंकू लावलं होतं."

 सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या. त्यांनी फोन कानावरून काढला.

"लावला. मग? नवीन वस्तू घरान आली, कुंकू लावाचा न्हाय? विधवा पाठवाची तिला?"

अल्पेश जमिनीवरच बसला. आधी मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता, पोट धरून. "काकी! काकी, मी तुमच्या कुंकवाला मार्क समजून टायमिंग लावलं वं! तुमी इंजिनचं लगीन लावलंव, मी नवरा भलत्याच नवरीसमोर उभा केला!"

"तरी मी बोलतंय, एवढं फटाके कशाला वाजतंय," कृष्णाबाई म्हणाल्या.

"आई, कुठे लावलंस नक्की?" पियूषने विचारलं.

"जिथं जागा दिसली तिथं. मला काय म्हाईत तिचं कपाल कुठं हाय?"

मग मात्र कुणी बसून राहिलं नाही. बॅटरी आणण्यापलीकडे ज्याने गाडीला हात लावला नव्हता तो पियूष बाह्या सरसावून खाली वाकला आणि रेडिएटरचे नट सोडायला लागला. बाबांनी टोपी डोक्यावर चढवली आणि प्रत्येक पान्हा अल्पेशने मागायच्या आधी पुढे करायला लागले. सासूबाईंना गाडीपासून चार हात लांब बसवलं गेलं. त्या तिथून "हलू चालवा, हलू चालवा" म्हणत राहिल्या. कृष्णाबाईंनी रंगूला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी कसला तरी धवला गुणगुणत तिला डोलवलं. मी एकदा त्यांच्या पानाच्या पिशवीकडे बघितलं, सुपारी रंगूच्या हाताला लागणार नाही ना म्हणून. त्यांनी न सांगताच पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवली.

झाकण निघालं. अल्पेशने चाकं हाताने फिरवून आणली, तर खरंच, दोन लाल ठिपके एकमेकांसमोर, अगदी शहाण्यासारखे उभे. अल्पेशने गिअर ओढून काढला आणि खरा टोचा शोधायला लागला, पण ग्रीस पार वाळून चिकटलं होतं. त्याच्याकडचं फडकं गिअरपेक्षा काळं. मी रंगूच्या पिशवीतून ओल्या कापडांचं पाकीट आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणल्या. दात एकेक करून पुसत गेले. बाळाचं पुसायची सवय, कोपरे सुटत नाहीत. कुंकवाच्या ठिपक्यापासून चांगलं लांब, जवळपास पलीकडच्या बाजूला, एका दातापाशी नखाला खळगा लागला.

"हा बघा."

"हाच!" अल्पेश म्हणाला. "वहिनी, उद्यापासून गॅरेजला या."

"तिथे उघड्यावर अॅसिडची बाटली असते. आधी ती उचला."

या वेळी ठिपका त्याने माझ्या डोळ्यांसमोर दिला, पांढरा. दोन्ही खुणा समोरासमोर आल्या, सगळ्यांनी वाकून बघितलं, बाबांनी चष्मा लावून बघितलं. झाकण, पंखा, रेडिएटर, पाणी. बाबा बसले. चावी फिरवली, खर्र, आणि इंजिनाने एकदा घसा साफ केल्यासारखं केलं आणि धरलं. फाट् नाही, कर्रर्र नाही. एकसारखं, मऊ. कृष्णाबाईंनी डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकलं. मग रंगूला माझ्याकडे दिलं, उठल्या आणि सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. अल्पेश म्हणतो, त्याला आजवर मिळालेलं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट.

सासूबाई करंडा घेऊन पुढे आल्या, तर आम्ही पाचही जण एकदम ओरडलो. त्यांनी बॉनेटवर लावलं, चांगलं रुपयाएवढं.

मी रंगूला घेऊन मागे बसले. हो, बसले. पियूष मोटरसायकलवरून मागून येत होता, मीच त्याला यायला लावलं होतं. चौल ओलांडताना ओळखीची माणसं हात करत होती, "धर्माजी, गाडी उठली का रं?" आणि बाबा प्रत्येकाला हॉर्न देत होते. रेवदंड्याला मांडवात उशीर झाला होता, पण कृष्णाबाई आल्याशिवाय तेलाची वाटी कोण उचलणार? त्या उतरल्या त्या गातच उतरल्या. अमिषाने मामाच्या पाया पडायच्या आधी जीपच्या दारावर हळदीचा हात उमटवला. पियूष बाबांना फक्त "पेट्रोल पुरेसं हाय ना?" एवढंच म्हणाला. भंगारवाल्याचा विषय तेव्हापासून आमच्या घरात निघालेला नाही.

आता लग्नसराई जोरात आहे. बाबा रोज सकाळी दाढी करतात आणि निघतात. आज मुरुडकडे गेलेत, कृष्णाबाईंना एका घरी पोचवायला. निघताना "दुपारच्या जेवणाला येतंय" म्हणाले होते, आता उन्हं उतरली. फोन टीव्हीवर आहे, मी त्याच्याकडे बघत हे लिहितेय. सासूबाई म्हणतात, कुणाकडे तरी चहा चालला असेल. चाललाच असेल.

पण तुम्ही आज रेवदंडा-मुरुड रस्त्याने कुठे जात असाल, आणि हिरवी उघडी जीप दिसली, दारावर पिवळा पंजा आणि आत पांढऱ्या टोपीतला माणूस, तर त्यांना थांबवू नका, ते त्यांना आवडत नाही. फक्त जरा बाजूने हळू जा आणि बघा, चष्मा डोळ्यांवर आहे ना, पाण्याची बाटली सोबत आहे ना, चेहरा उन्हाने लाल तर नाही. आणि चोंढी नाक्यावर अल्पेशच्या गॅरेजात तेवढा निरोप ठेवा, ठीक आहेत म्हणून.